रात्रीच्या डोंगरवाटेवर वाटाड्याचा शब्द मोलाचा

महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर कोणते, हा प्रश्न शाळेच्या परीक्षेत हमखास येतो. ‘कळसूबाई, उंची १६४६ मीटर’ असे उत्तर लिहून आपली मुले गुण मिळवतात आणि विसरून जातात. परंतु या शिखरावर आपल्यालाही जाता येते, शनिवारी निघून रविवारी संध्याकाळी घरी परतता येते, हे फार थोड्या घरांत ठाऊक असते. डोंगर चढणे हा महागडे बूट आणि भरपूर फुरसत असलेल्यांचा शौक आहे, असा आपला समज होऊन बसला आहे. सहा दिवस राबायचे आणि सातव्या दिवशी पुन्हा पाय तुडवायचे, हे कशासाठी, असेही घरातील वडीलधारी विचारतात.

हा समज आपल्याच मुलांनी खोटा ठरवला आहे. तेलंगणातील समाजकल्याण निवासी शाळांत शिकणारी पूर्णा मालावत ही आदिवासी मुलगी आणि आनंदकुमार हा दलित मुलगा २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचले. पूर्णाचे वय तेव्हा १३ वर्षे ११ महिने होते. २०१८ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या ५ विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. ही मुले शेतमजुरांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या घरातील. त्यांना योग्य शिक्षण व योग्य मार्गदर्शक मिळाला, म्हणून ती वर गेली. एव्हरेस्ट सर्वांना जमणार नाही. पण कळसूबाई जमेल. मात्र तेथेही मार्गदर्शकाची गरज तेवढीच आहे, रात्री तर अधिकच.

बारी गावापर्यंत

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर हा डोंगर उभा आहे. पायथ्याचे गाव बारी. मुंबईकडून येणाऱ्यांनी लोकलने कसाऱ्यापर्यंत यावे, तेथून जीपने इगतपुरी, घोटी आणि पुढे भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी. हा परिसर १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. त्यामुळे वनखात्याचे नियम येथे लागू आहेत आणि ते पाळावेतच.

गेल्या जानेवारीत आमच्या वस्तीतील आम्ही २२ जण गेलो होतो. त्यात वायरमन होते, शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या, महापालिकेच्या सफाई खात्यातील ५२ वर्षांच्या एक मावशी होत्या आणि कॉलेजची पोरेही होती. रात्री साडेअकराला गावात उतरलो. आधी ठरवलेल्या घरी पिठले-भाकरी खाल्ली, ओसरीवर दोन तास आडवे झालो आणि २ वाजता निघालो. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्याआधी माथा गाठायचा तर एवढा वेळ हातात हवाच.

रात्रीच का जायचे, असे अनेकजण विचारतात. पहिले कारण ऊन. दिवसा या उघड्या डोंगरावर सावली फारच कमी. दुसरे कारण सूर्योदय. आणि तिसरे आमच्यासारख्यांसाठी खरे कारण म्हणजे सुट्टी. शनिवारची ड्यूटी संपवून निघालेला माणूस सोमवारी वेळेवर कामावर हजर राहू शकतो.

सर्वात मंद चालणारा सर्वात पुढे

वाटाड्या बारीचाच होता. वय पस्तिशीचे, महादेव कोळी समाजातील, घरची भातशेती. निघण्यापूर्वी त्याने सर्वांना अंगणात उभे केले आणि एकेकाचे पाय पाहिले. कोणाच्या पायात काय आहे, ते त्याला बघायचे होते. मग त्याने मावशींना आपल्यामागे पहिल्या क्रमांकावर उभे केले. पोरे कुरकुरली. “ज्याला हळू चालायचं त्यानं पुढं चालायचं, म्हणजे मागं कोणी राहत नाय,” एवढेच तो म्हणाला. शेवटी गावचाच दुसरा तरुण ठेवला. त्याच्या मागे कोणी राहायचे नाही, असा नियम.

या एका नियमाने रात्रीचा निम्मा धोका टळतो. अंधारात माणसे चुकतात ती बहुधा तुकडी लांबल्यामुळे. पुढचे धावतात, मागचे दमतात आणि मधल्या वळणावर भलतीच पायवाट धरली जाते. आमच्यात कोणी चुकले नाही, कारण चाल मावशींची होती.

बॅटऱ्या त्याने पायापाशी धरायला सांगितल्या, कोणाच्या तोंडावर नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एक झोत डोळ्यांवर पडला की सारी कमाई जाते. गाणी लावू नका, असेही बजावले. मागच्याची हाक पुढे ऐकू आली पाहिजे.

गावातली भातखाचरे संपली की चढ सुरू होतो. एकूण चढ सुमारे ८०० मीटरचा आहे. उंची वाढेल तशी हवा थंड होते. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, या हिशेबाने माथ्यावर पाच अंशांचा फरक पडतो. त्यात घामाने भिजलेला सदरा आणि वारा! म्हणून एक कोरडा सदरा व कानटोपी पिशवीत असावीच, नवीन खरेदी करण्याची गरज नाही. बूट मात्र खाचा असलेल्या रबरी तळव्याचे हवेत. गुळगुळीत तळव्याची चप्पल चालणार नाही.

शिडीपाशी झालेला निर्णय

कड्याच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत, धरायला कठडे आहेत. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत. बॅटरी कपाळाला बांधलेली असली तर उत्तम. पुढचा माणूस वर पोहोचल्याशिवाय मागच्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही.

अशाच एका शिडीच्या अलीकडे आमच्यातील १७ वर्षांच्या मुलाला दोनदा उलटी झाली. अंगात हुडहुडी भरली. तो म्हणत होता, मी ठीक आहे. त्याचे वडीलही म्हणाले, “दादा, एवढे आलोय, आता थोडेच राहिले. हळूहळू नेऊ.” वाटाड्याने मुलाचा हात हातात घेतला, बॅटरीच्या उजेडात चेहरा पाहिला आणि म्हणाला, “याला वर न्यायचा नाय. वर नेला तर खाली कोण आणील? डोंगर कुठं पळून जात नाय, भाऊ. पोरगं सांभाळा.”

वडिलांना राग आला. पण वाटाड्या हलला नाही. शेवटच्या तरुणाबरोबर त्याने बाप-लेकाला खालच्या चहाच्या झोपडीत पाठवले, सदरा बदलायला लावला, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यायला सांगितले. उजाडल्यावर तिघे सावकाश गावात उतरले. तुकडीच्या शेवटी चालण्याचे काम मग आमच्या वायरमन भाऊंकडे आले.

वाचकहो, या लेखाचे मूळ येथे आहे. वाटाड्या ‘नाही’ म्हणू शकला, कारण निघण्यापूर्वीच आम्ही त्याच्याशी ठरवले होते की, शिखर गाठले नाही, अर्ध्यातून परतलो, तरी ठरलेली मजुरी पूर्ण मिळेल. पुष्कळदा असे घडत नाही. शहरात बसलेला आयोजक सूर्योदयाचे वचन देऊन पैसे घेतो, गावच्या माणसाला त्यातले थोडके देतो आणि ‘लोक खूश झाले तर वर बक्षीस मिळेल’ असे सांगतो. असा माणूस आजारी पोराच्या बापाला ‘परत फिरा’ कसे म्हणेल? ज्याची चूल तुमच्या खुशीवर पेटते, तो तुम्हाला न आवडणारे सांगू शकत नाही. म्हणजे वाटाड्याची मजुरी हा केवळ माणुसकीचा प्रश्न नाही, तो आपल्या मुलाबाळांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. त्याची मजुरी शिखराला बांधू नका, त्याच्या रात्रीला बांधा.

एका मोलकरणीचे शिखर

सातच्या आधी आम्ही माथ्यावर होतो. मावशी पहिल्या पोहोचल्या. आम्ही पूर्वेकडून चढलो होतो, त्यामुळे सूर्य आमच्या पाठीशी, आलेल्या वाटेवरच उगवला. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय धुक्यातून दिसू लागला. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पूर्ण झाले. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन गड एका रांगेत, दूर दक्षिणेला रतनगड आणि हरिश्चंद्रगड. पोरे गडांची नावे विचारत होती आणि वाटाड्या बोट करून सांगत होता.

माथ्यावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. आपली श्रद्धा असो वा नसो, ते गावकऱ्यांचे आहे. तेथे गोंगाट, कचरा करू नये. देवळापेक्षा मला मोलाची वाटते ती तिची कथा. इंग्रजांच्या काळातील अहमदनगर गॅझेटिअरमध्येही ती नोंदलेली आहे. कळसू नावाची एक कोळी मुलगी. तिला रानात हिंडण्याची आवड. पायथ्याच्या इंदोर गावी एका घरात ती कामाला राहिली, पण अट घालून राहिली : भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एके दिवशी घरातील कोणीतरी तिला तीच कामे सांगितली. तिने ती केली आणि लगेच डोंगर चढून गेली. मरेपर्यंत ती माथ्यावरच राहिली. जेथे तिने भांडी घासली, त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

कथा खरी किती, हा प्रश्न वेगळा. पण महाराष्ट्रातील सर्वात उंच जागेला राजाचे नाव नाही, सरदाराचे नाव नाही. कबूल केलेला शब्द मालकाने मोडला म्हणून काम सोडून गेलेल्या एका मोलकरणीचे नाव आहे. ही कथा ऐकून आमच्या मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “शहाणी होती पोरगी.”

उतरताना आणि निघण्यापूर्वी

चढताना दम लागतो, उतरताना गुडघे जातात. पाऊल लहान टाकावे, धावू नये. रात्रीचे जागरण झालेले असते आणि शिखर झाल्याच्या आनंदात लक्ष ढळते. पाय घसरण्याचे प्रकार उतरतानाच जास्त होतात. रविवारी शिड्यांवर गर्दी असते, तेथे घाई करू नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पौर्णिमेच्या आसपासची रात्र त्याहून चांगली. पावसाळ्यात कुटुंब घेऊन रात्री जाऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा चमकू लागल्या की उघडा माथा आणि लोखंडी शिडी दोन्ही धोक्याची. गवत वाळल्यावर वणव्याचे भय असते. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेले लोक वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जण दगावले. म्हणून डोंगरात विडी-सिगारेट, शेकोटी बंद. कड्याला आग्यामोहोळ असते, तेही धुराने उठते. फुरसे किंवा दुसरा साप चावला तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. माणसाला न चालवता उचलून खाली आणावे व सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

हृदयविकार, दमा, रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. प्रत्येकी किमान २ लिटर पाणी घ्यावे. वाटेत मिळेल असे धरून चालू नये. गूळ-शेंगदाणे, चपाती-चटणी पुरेशी होते.

एखाद्या आयोजकाबरोबर जायचे असेल, तर पैसे देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. २०२१ च्या राज्य शासनाच्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? किती माणसांमागे किती वाटाडे, आणि शेवटी कोण चालणार? प्रथमोपचाराची पेटी व ती वापरता येणारा माणूस आहे का? स्त्रियांसाठी मुक्कामाची व शौचाची सोय काय? आणि गावच्या वाटाड्याच्या हातात किती रुपये पडणार, परत फिरलो तरी पडणार का? शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो, त्याच्याबरोबर आपले मूल पाठवू नये.

वीस-पंचवीस जणांनी एकत्र येऊन थेट गावात बोलणी केली, तर हे सारे आपल्यालाच ठरवता येते. गाडी, जेवण, मुक्काम आणि मजुरी यांचा हिशेब वहीत वेगवेगळा लिहावा, म्हणजे काटकसर कोठे करायची आणि कोठे करायची नाही, हे सर्वांना दिसते. आम्ही जेवणाच्या घरचे पैसे त्या घरातील बाईंच्याच हाती दिले. चूल त्यांनी पेटवली होती.

तो १७ वर्षांचा मुलगा येत्या डिसेंबरमध्ये पुन्हा येणार आहे. त्याचे वडीलही येणार आहेत. वाटाड्या तोच असावा, असा आग्रह त्यांनीच धरला आहे.