भंगारातली पिकअप पुन्हा रस्त्यावर

गोठ्यामागे गंजत पडलेली घरची जुनी जीप-पिकअप बेताच्या खर्चात उभी करता येते. फक्त सुरुवात रंगापासून करायची नाही, कागदापासून करायची!

ती कुठंही दिसते. गावाकडे गोठ्यामागे, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, साखर कारखान्याच्या यार्डात. टायर मातीत रुतलेले, हौद्यात एरंडाचं झाड उगवलेलं आणि बॉनेटवर कोंबड्यांचा मुक्काम. कुणाच्या वडिलांनी तिच्यातून टोमॅटोच्या पाट्या बाजारात नेलेल्या असतात, तर कुणाच्या आजोबांची वरात तिच्यातूनच निघालेली असते. दिवाळीच्या आधी भंगारवाला येतो, किलोचा भाव सांगून जातो आणि घरात दरवर्षीचाच वाद पुन्हा रंगतो. विकायची की ठेवायची?

विकायची असेल तर प्रश्नच मिटला. पण ठेवायची आणि नुसती ठेवायची नाही, चालवायची, असं ज्यांच्या मनात आहे त्यांनी पुढचं जरूर वाचावं. त्यांच्या घरच्यांनी तर आधी वाचावं, कारण पैसे त्यांचेही आहेत.

एकाच घराण्यातल्या

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जीप आणि जीप-पिकअप एकाच घराण्यातल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीची जीप जगभर गाजली. १९४५ साली लुधियानात सुरू झालेल्या महिंद्रा अँड मोहम्मद या कंपनीनं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. अमेरिकेत १९५३ साली सीजे-३बी हे उंच बॉनेटचं मॉडेल आलं. बॉनेट उंच का, तर आतलं हरिकेन इंजिन उंच होतं. या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी गमतीची मांडणी होती. अमेरिकेत हे मॉडेल साठच्या दशकाअखेर बंद पडलं. आपल्याकडे मात्र तोच चेहरा पुढे कित्येक वर्षं मामलेदार कचेरीपासून सातारा-कोल्हापूरच्या वडापपर्यंत सगळीकडे फिरत राहिला.

याच घराण्यातली थोडी विचित्र बहीण म्हणजे एफसी, अर्थात फॉरवर्ड कंट्रोल. १९५६ च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या या गाडीचा चेहरा ब्रुक्स स्टीव्हन्स या नामवंत डिझायनरचा. नाक कापल्यासारखं तोंड, मागे सरळ हौदा आणि इंजिन चक्क केबिनमध्ये, दोन सीटच्या मधोमध डब्याखाली! महिंद्रानं साठच्या दशकात ही गाडी हाती घेतली आणि एफसी-१५०, एफसी-१६० अशा नावांनी विकली. उन्हाळ्यात पाय भाजायचे, पण कमी लांबीत जास्त माल मावायचा. आज ती रस्त्यावर दिसली की माणसं थांबून बघतात.

या गाड्या स्वस्तात उभ्या राहतात त्याचं कारण त्यांच्या बांधणीत आहे. खाली शिडीसारखी चेसिस, वर बोल्टनं कसलेली बॉडी. बोल्ट काढले की बॉडी उचलून बाजूला ठेवता येते. एफसीचे इंजिन-गिअरबॉक्स मूळ जीपच्याच घरातले असल्यामुळे चालतं यंत्र मिळवणं फारसं अवघड जात नाही. एफसीचं खरं अडतं ते समोरच्या काचेवर, तिच्या रबरावर आणि दारांवर. तेव्हा अशी पिकअप पाहायला गेलात तर इंजिनाआधी काच पाहा.

अमेरिकेत या छंदाचा मोठा बाजार आहे. १९४७ ते १९५५ या काळातली शेवरले पिकअप घेतली तर तिचा नवा कोरा पत्रासुद्धा कॅटलॉग बघून मागवता येतो. (शेवरले आपल्यालाही परकी नव्हे. १९२८ पासून १९५४ पर्यंत जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना मुंबईत शिवडीला होता.) आपल्याकडे कॅटलॉगचं काम जुने बाजार करतात. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी आणि कश्मिरी गेट, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचा मलिक बाजार. हरियाणातल्या मंडी डबवालीत तर जुन्या जीप बांधून देण्याचा धंदाच नावारूपाला आला. आणि जो भाग कुठंच मिळत नाही तो लेथवर करून घ्यायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुश किंवा पिन हातात घेऊन गेलात, तर तशीच दुसरी करून देणारा कारागीर भेटतो.

आधी कागद

आता मुद्द्याचं. गाडी कितीही देखणी झाली तरी कागद नसले तर ती अंगणातली शोभा. म्हणून पहिला खर्च पान्याचा नाही, आरटीओच्या चकरांचा.

चेसिसवर ठोकलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर जुळतो का ते पाहा. चेसिसवरचा गंज हळूच घासून त्यावर कागद ठेवायचा आणि पेन्सिल फिरवायची, की आकडे उमटतात. आकडा खोडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला दिसला, तर फुकट मिळाली तरी ती गाडी घेऊ नका. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर वारसांच्या नावावर करून घ्या, आणि हे काम दुरुस्तीच्या आधी. पिकअप चमकायला लागली की एरवी न विचारणारे चुलतभाऊसुद्धा वाटा मागायला येतात! लष्कराच्या लिलावातली म्हणून कुणी जीप दाखवली तर लिलावाचे मूळ कागद हातात घेतल्याशिवाय पैसे मोजू नका.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. ही फी आता किरकोळ राहिलेली नाही. २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी ती ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये करण्यात आली. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर २०१५ पासून आदेशामागून आदेश निघत आले आहेत, तेव्हा तिकडच्या वाचकांनी आधी स्थानिक नियम विचारावा.

गाडी ५० वर्षांपलीकडची असेल तर आणखी एक वाट आहे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षांची आणि नूतनीकरण पाच हजारांत. पण अटी दोन. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. शिवाय अशी गाडी प्रदर्शनं, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज भाजी आणायला नाही.

शंभर रुपयांचा हिशेब

गॅरेजमध्ये ज्या पिकअप अर्धवट पडून राहतात त्यांची कहाणी साधारण सारखीच असते. मालकानं आधी डेंटिंग-पेंटिंग केलं, मग क्रोमची बटणं आणि रुंद टायर घेतले, आणि ब्रेकपर्यंत पोचता पोचता पैसे संपले. वर चकचकीत रंग, खाली कुजलेली चेसिस.

आमचा सल्ला असा. एकूण शंभर रुपये खर्चायचे असतील तर दहा कागदपत्रांना आणि गाडी गॅरेजपर्यंत आणायला. पंचवीस चेसिस, पाटे, स्टेअरिंग आणि ब्रेकला. वीस इंजिन-गिअरबॉक्सला. पंधरा टायर आणि वायरिंगला. पंधरा पत्रा-रंगाला. उरलेल्या पंधराला हात लावायचा नाही, कारण गाडी उघडल्यावर त्यांची गरज पडतेच.

बॉडी उतरवली की चेसिस धुऊन हातोडीनं ठोकत जा. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. बॉडीच्या तळाला आडव्या पट्ट्या असतात. त्यांत चिखल अडकतो आणि तिथूनच गंज धरतो. सडलेला भाग कापून तिथं नवा पत्रा जोडायचा. वरून लांबी मारून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला सरळ नाही म्हणा. दोन पावसाळ्यांत ती लांबी रंगासकट फुगून बाहेर येते.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीवर सोडू नका. जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी टाकी उतरवून लांब नेऊन ठेवा. 'रिकामीच आहे' हे ऐकून घेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

ब्रेकच्या बाबतीत या गाड्या जुन्या वळणाच्या. चारही चाकांना ड्रम आणि तेलाची वाट एकच. एका चाकाशी गळती झाली तर चारही ब्रेक जातात. म्हणून ब्रेकची सगळी रबरं, होज आणि गंजलेले पाइप एकाच वेळी नवे घाला. जुन्या जीपचा हँडब्रेकही चाकाला नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टला आवळतो. तो शाफ्ट उतरवलेला असताना हँडब्रेकच्या भरवशावर गाडी उतारावर सोडणं म्हणजे गाडीला निरोप देणं.

स्टेअरिंगची परीक्षा घरीच घेता येते. पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर-खाली धरून हलवा. खडखड झाली तर किंगपिनची किंवा चाकाची बेअरिंग गेली. पन्नासच्या वेगाला पुढची चाकं थरथरतात ती बहुधा याच झिजेनं, आणि लोक उगाच टायरला दोष देतात.

वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन बॅटरी लावून फिरवायचा मोह आवरा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, चार-सहा दिवस तसंच ठेवा आणि मग हँडलनं हळूहळू फिरवा. सुटलं तर कदाचित रिंग आणि व्हॉल्व्हच्या कामावर भागेल. नाहीच सुटलं तर बोअर आणि क्रँकचं काम आलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरी नळी आणि फ्युएल पंपाचा पडदा त्यात टिकत नाही. ते नव्या प्रतीचे घाला आणि टाकी आतून साफ करून घ्या.

पेट्रोल परवडत नाही म्हणून महिंद्राच्याच नंतरच्या जीपमधलं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन बसवणारे पुष्कळ. गाडी कामाला लावायची तर विचार वाईट नाही. पण आरटीओची परवानगी आधी, इंजिन नंतर. आणि एकदा इंजिन बदललं की व्हिंटेजची वाट बंद होते, हे विसरू नका.

हौस कुठवर?

सजवायची हौस प्रत्येकाला असते, पण कायदा हौसेच्या आड येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. चेसिस कापून आखूड करणं, केबिनचं छप्पर उडवणं हे प्रकार चित्रपटात शोभतात. पुढचे जाडजूड लोखंडी गार्डही डिसेंबर २०१७ पासून केंद्र सरकारच्या नजरेत बेकायदा आहेत.

आणि रंग! जीप म्हटली की दहातल्या आठांना लष्करी हिरवा हवा असतो. नेमका तोच चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमानुसार ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. दुसरा कुठलाही रंग घ्या आणि बदल आरसी बुकात नोंदवून घ्या.

मग उरतं काय? पुष्कळ. हौद्यात सागाच्या किंवा बाभळीच्या फळ्या बसवा, त्या पत्र्याला मार लागू देत नाहीत आणि दिसतातही झकास. फाळक्याच्या साखळ्यांना जुनी सायकल-ट्यूब चढवली की खडखडाट थांबतो. सीटला रेक्झिन घाला, कॅनव्हासचं टप गावातल्या ताडपत्रीवाल्याकडून शिवून घ्या. फाळक्यावर नाव आणि वेलबुट्टी काढायला ट्रक रंगवणारा पेंटर बोलवा. स्टिकरपेक्षा त्याच्या ब्रशात जास्त जीव आहे, असं आमचं प्रामाणिक मत.

घरच्यांसाठी शेवटचं. एक वही घाला. प्रत्येक बिल तिच्यात, आणि वही ज्याची हौस आहे त्याच्याकडे नको, घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. सुटे भाग काढताना प्रत्येक बोल्ट डब्यात, डब्यावर चिठ्ठी. हे काम मुलं आवडीनं करतात. सहा महिने म्हणून सुरू झालेलं काम दीड-दोन वर्षं चालतं, तेव्हा पावसाळ्याआधी शेड तयार ठेवा.

गाडी सुरू झाली की लगेच महाबळेश्वरचा घाट काढू नका. नव्यानं बांधलेलं इंजिन पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवा, हौद्यात ओझं न घालता. मग तेल बदला, हेडचे बोल्ट, पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा. काढलेलं तेल उन्हात धरून बघा. त्यात धातूची चमक दिसली तर मिस्त्रीला बोलवा. नाही दिसली तर घरच्या सगळ्यांना हौद्याजवळ उभं करून एक फोटो काढून घ्या, कोंबड्यांसकट.