संगणकाची भाषा आणि अभ्यासाची रीत

संगणकासाठी आज्ञावली लिहिणे, म्हणजेच प्रोग्रॅमिंग, ही काही केवळ विज्ञान शाखेची मिरासदारी नव्हे. घरात विचारायला कोणी नसले, दिवसभर कामधंदा असला, तरी ते शिकता येते. मात्र अभ्यासाची रीत ठाऊक हवी.

मुंबईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात असे पाठ मराठीतूनही मिळतात. पाठ साधारण १० मिनिटांचा असतो. तो मध्येच थांबवून स्वतः करून पाहायचे, मगच पुढे जायचे. इंग्रजीची धास्ती नको. ‘पायथन’ या भाषेचे राखीव शब्द अवघे ३५ आहेत.

नुसते पाहत राहिले तर सारे समजल्यासारखे वाटते. हा भास किती फसवा, ते २००६ साली रोडिगर व कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखविले. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनंतरच्या परीक्षेत सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्याच अधिक लक्षात राहिले.

म्हणून पाठ संपताच वही मिटावी. १ ते १० या संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम न पाहता लिहावा. चूक झाल्यास संगणकाचा संदेश सावकाश वाचावा. त्यात बहुधा ओळीचा क्रमांक असतो. तोच प्रोग्रॅम दोन दिवसांनी व पुन्हा आठवड्याने लिहावा.

आपल्या दशावतारातील नटाला कथा ठाऊक असते. लिखित संहिता नसल्याने संवाद मात्र त्याला उभ्या उभ्या जुळवावे लागतात. ही कला पाहून नव्हे, रंगमंचावर उभे राहूनच साधते. प्रोग्रॅमिंगचेही तसेच आहे.