पायातला काटा निघाला, पण आठवड्याने पाय पुन्हा सुजला? मुलांच्या हाडातील संसर्ग असा ओळखा

धाराशिव : तूर काढल्यावर रानात टोकदार खुंट उरतात. बांधावर वेड्या बाभळीचे काटे असतात आणि बांधकामाजवळ खिळे. खेळताना यातले काहीतरी पायात रुतते. काटा काढला की दोन दिवसांत मूल पळू लागते. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. काही मुलांत मात्र जंतू हाडापर्यंत पोहोचतात. या आजाराला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात.

छोटी जखम धोकादायक का?

काटा किंवा खिळा जंतूंना थेट खोलवर नेतो. वरचे छिद्र लगेच बुजते, आत पू साचतो. तळव्याखाली, विशेषतः टाचेत, हाड फार खोल नसते. खिळा बुटाच्या सोलमधून घुसला असेल तर स्युडोमोनास नावाच्या जंतूचा धोका वाढतो. नेहमीच्या अनेक अँटिबायोटिक गोळ्यांना तो दाद देत नाही.

कोणती लक्षणे पाहावीत?

दुखणे थांबून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा सुरू होणे, ही महत्त्वाची खूण. सूज येते, मूल लंगडते, टाच टेकवत नाही. ताप नसला तरी संसर्ग असू शकतो.

एक्स-रे नॉर्मल आला तर?

निर्धास्त होऊ नका. हाडातील बदल एक्स-रेमध्ये दिसायला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. आत राहिलेला काटाही त्यात सहसा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी उपयोगी ठरते. एमआरआयमध्ये संसर्ग लवकर कळतो. पू तपासून कोणता जंतू आहे आणि कोणते औषध लागू पडेल, हे ठरवतात. गरज पडल्यास शस्त्रक्रिया करून आतला भाग साफ करावा लागतो.

घरी काय करावे?

- वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा.
- सुईने खोल कोरू नका. रुईचा चीक, बिब्बा लावू नका, त्वचा भाजते.
- धनुर्वाताची लस तपासा. सरकारी वेळापत्रकात 5-6 वर्षांचा बूस्टर, तसेच 10 आणि 16 व्या वर्षीचे डोस आहेत.
- उरलेल्या गोळ्या मनाने देऊ नका. त्रास तात्पुरता दबतो, निदान लांबते.

उशीर झाला तर?

मुलांची हाडे वाढत असतात. वाढीच्या भागाला इजा झाली तर हाड आखूड किंवा वाकडे राहू शकते. म्हणून लंगडणे परतले की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि काटा कधी रुतला होता, हे न विसरता सांगा.