कॉलेज सर्वांसाठीच का?

१९४७ साली नगरात डॉ. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढले, तेव्हा जिल्ह्यातील मुलांना पदवीची वाट घराजवळ आली. ती कोणी बंद करावी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पदवी नाही म्हणजे विद्या नाही, हेही आम्हांस मान्य नाही. लेथवर शतांश मिलिमीटरचे माप सांभाळणारा कामगार गणितच करीत असतो.

मात्र १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा विद्यावेतन देतो. उमेदवारास कामगार मानीत नाही, नोकरीची हमीही देत नाही. तेव्हा मुलगा कोठे जातो, याआधी तो कशामुळे जातो हे पाहावे. ओढीने गेला, तर दोन्ही वाटा चांगल्या. बापाचा खिसा रिकामा म्हणून गेला, तर तिला निवड म्हणू नये.