टीम नक्की कोणाची? पुण्यातून निघालेली फुटबॉल टीम आणि सोलापूरच्या एका बापाचा प्रश्न

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. अडखळलेलं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजमुळे सुचला. सोलापूरच्याच एका श्रोत्याने विचारलंय, "माझा पोरगा चौदा वर्षांचा आहे, फुटबॉल चांगला खेळतो. पुण्यात एखाद्या क्लबच्या अकॅडमीत घालू का? फी भरायची तयारी आहे, पण क्लब टिकेल का?" या शेवटच्या चार शब्दांवर आपण आज बोलणार आहोत. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कोच नाही. पोरगा किती चांगला आहे हे मी सांगू शकत नाही. पण क्लब का टिकतो आणि का बंद पडतो, हे समजावून सांगू शकतो.

आधी पैशाचा हिशोब

फुटबॉल क्लबला पैसा चार-पाच ठिकाणांहून येतो. तिकिटं, स्पॉन्सर, टीव्हीच्या पैशातला वाटा, खेळाडू विकून मिळणारी रक्कम, आणि शेवटचं म्हणजे मालकाचा खिसा. युरोपातल्या मोठ्या क्लबांना पहिल्या चारमधून बरंच मिळतं. भारतात तसं नाही. इथे स्टेडियम बहुतेक वेळा सरकारचं असतं आणि भाडं भरून वापरायचं असतं. टीव्हीचे पैसे फार नाहीत. आयएसएलमध्ये तर वर्षानुवर्षं क्लबच आयोजकांना कोटींची फ्रँचायझी फी देत आले. म्हणजे इथला क्लब मुख्यतः मालकाच्या खिशावर चालतो.

आमच्या कामात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एकच भाग असा, की तो पडला की अख्खी सिस्टिम पडते. सोलापूरच्या माणसाला हे समजवायला इंग्रजी शब्दाचीही गरज नाही. गिरणीच्या भोंग्यावर ज्या गावाचा दिवस चालायचा, त्या गावाला माहीत आहे की गिरणी बंद करायचा निर्णय कामगार घेत नाही. कापड चांगलं निघत होतं का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारत नाही.

पुणे: तीन टीम होत्या, एकही उरली नाही

आता आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. २०१४-१५ च्या सीझनमध्ये पुण्यात तीन व्यावसायिक टीम होत्या.

पहिली, पुणे एफसी. अशोक पिरामल ग्रुपने २००७ मध्ये सुरू केलेली. ही टीम २००९ मध्ये आय-लीगमध्ये आली, पहिल्याच सीझनला तिसरी आली आणि २०१२-१३ मध्ये उपविजेती ठरली. त्यांची अकॅडमी तेव्हा देशातल्या चांगल्या अकॅडम्यांमध्ये धरली जायची.

दुसरी, भारत एफसी. कल्याणी ग्रुपची. ही आय-लीगमध्ये खालून वर चढत आली नाही, थेट प्रवेश घेऊन आली. पहिल्या सीझनला शेवटची आली, पण थेट प्रवेशवाल्या टीमला खाली ढकलायचं नाही असा नियम असल्यामुळे तिच्या वरच्या नंबरची डेम्पो खाली गेली. गोव्याची डेम्पो! पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला क्लब.

तिसरी, आयएसएलमधली एफसी पुणे सिटी. वाधवान ग्रुपची, सहमालक हृतिक रोशन, आणि सुरुवातीला इटलीच्या फिओरेंटिना क्लबचीही भागीदारी.

२०१५ चा सीझन संपला आणि पहिल्या दोन्ही टीम बंद झाल्या. पुणे एफसीची अकॅडमी एफसी पुणे सिटीने घेतली. म्हणजे पोरं तीच, फक्त छातीवरचा बिल्ला बदलला. मग आली डीएसके शिवाजियन्स, तीही थेट प्रवेशाने. दोन सीझन खेळली आणि २०१७ मध्ये बाहेर. त्याच सुमारास मालक डी. एस. कुलकर्णी यांच्या ठेवीदारांच्या पैशांचं प्रकरण गाजत होतं आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांना अटक झाली. राहिली एफसी पुणे सिटी. २०१९ मध्ये वाधवान कुटुंबाची डीएचएफएल ही गृहकर्ज कंपनी कर्जफेडीत अडकली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लबची आयएसएलमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली.

हे सगळं एका ओळीत लावून बघा. कंपनीने हात आखडता घेतला, टीम गेली. मालकाचा धंदा अडचणीत आला, टीम गेली. यातली एकही टीम मैदानावर हरली म्हणून बंद पडली नाही. उलट, उपविजेती झालेली टीमही गेली. मुंबईची महिंद्रा युनायटेड तर २००५-०६ ची राष्ट्रीय लीग विजेती होती. २०१० मध्ये कंपनीने ठरवलं, टीम बंद. खेळात हरलात तर पुढच्या वर्षी परत यायची सोय असते. बोर्डरूममध्ये हरलात तर तशी सोय नसते.

मालकाकडे पैसा आहे, पण कारभाराचं काय?

आता कोणी म्हणेल, मग मोठा मालक शोधा की! पण पैसा असूनही टीम बिघडते, ती कारभारामुळे.

एफसी पुणे सिटीचे कोच मोजू. २०१४ ला फ्रँको कोलोंबा. २०१५ ला डेव्हिड प्लॅट. २०१६ ला अँटोनियो हबास. २०१७-१८ ला रँको पोपोविच. २०१८-१९ ला मिगेल अँगेल पोर्तुगाल, मग हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी, मग फिल ब्राउन. पाच सीझन, सात माणसं. पोपोविचच्या वर्षी टीम पहिल्यांदाच सेमी-फायनलला पोचली, आणि पुढच्या सीझनला कोच नवा. प्रत्येक कोच आपली पद्धत घेऊन येतो, आपले खेळाडू मागतो. आधीच्याने तयार केलेला पोरगा नव्याला चालतोच असं नाही. दर सहा महिन्यांनी आर्किटेक्ट बदलला तर घर बांधून होईल का?

याच्या उलट गोष्ट मुंबई एफसीची. एस्सेल ग्रुपची टीम. २००९ पासून सात वर्षं कोच खालिद जमील. झगमगाट नाही, ट्रॉफी नाही, पण टीम आय-लीगमध्ये टिकून. २०१६ मध्ये क्लबने त्यांना काढलं. ते गेले मिझोरामच्या आयझॉल एफसीला. पुढच्याच म्हणजे २०१६-१७ च्या सीझनला काय झालं? आयझॉल आय-लीग विजेती झाली, आणि मुंबई एफसी शेवटची येऊन खाली ढकलली गेली. नंतर ती टीम बंदच झाली. हेच खालिद जमील २०२५ मध्ये भारताचे मुख्य कोच झाले.

आयझॉलकडे जरा नीट बघा. २०११ च्या जनगणनेत आयझॉलची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. सोलापूरची साडेनऊ लाख. म्हणजे आपल्या एक तृतीयांश गावाने कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगालला मागे टाकून लीग जिंकली. मालक स्थानिक, बरेचसे खेळाडू स्थानिक, स्टेडियममध्ये येणारं गाव स्थानिक. लगेच सांगतो, पुढचं सगळं गोड नाही. विजेते झाल्यावर त्यांना आयएसएलमध्ये जागा मिळाली नाही, कोच ईस्ट बंगालला गेले आणि चांगले खेळाडू मोठ्या क्लबांनी उचलले. लहान गावाचा क्लब जिंकला तरी वर चढायची शिडी कोणाच्या तरी हातात असते. पण क्लब बंद पडला नाही, हे महत्त्वाचं.

सोलापूरवरून गेलेली टीम

पुण्याहून हैदराबादला जाणारा हायवे आपल्या गावातून जातो. एफसी पुणे सिटीची जागा २०१९ मध्ये, नकाशावर बोलायचं तर, आपल्या दारावरूनच गेली. पुढे काय झालं?

पहिल्या सीझनला हैदराबाद एफसी शेवटची आली. २०२० मध्ये मानोलो मार्केझ हा स्पॅनिश कोच आला. त्याला वेळ दिला, तरुण भारतीय खेळाडू दिले. २०२२ मध्ये टीम आयएसएलची विजेती झाली. बघा, कारभार नीट असला तर दोन वर्षांत तळातून माथ्यावर जाता येतं. मग मालकांचे पैसे आटले. पगार थकले. फिफाचा नियम असा, की दोन महिन्यांचे पगार थकले तर खेळाडू पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार मोडू शकतो. खेळाडू निघून गेले, नवे घ्यायला बंदी आली, आणि २०२३-२४ च्या अख्ख्या सीझनमध्ये टीमने एकच मॅच जिंकली. २०२४ मध्ये मालक बदलले आणि २०२५ मध्ये टीम दिल्लीला गेली, नवीन नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. एकच जागा, सहा वर्षांत तीन शहरं. टीमच्या मागे पुण्यात ओरडणारी पोरं तिच्याबरोबर दिल्लीला जात नाहीत ना!

आणि लीग स्वतःच डगमगली तर? फुटबॉल महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ ला संपत होता. नवा करार होईना म्हणून जुलै २०२५ मध्ये सीझनच थांबवला गेला. मुंबई सिटीत मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपचा मोठा हिस्सा होता, २०१९ पासून. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनीही काढता पाय घेतला. त्यामुळे नुसतं 'मालक श्रीमंत आहे' हे उत्तर पुरेसं नाही.

मालकाशिवाय टीम चालते का?

चालते. कोल्हापूरला जाऊन बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल. शाहू स्टेडियमवर यांची मॅच असली की पेठेतली माणसं कामं बाजूला ठेवून येतात. इथे टीम पेठेची असते. वर्गणी निघते, स्थानिक दुकानदार आणि पुढारी हातभार लावतात, बाहेरून आफ्रिकन खेळाडूसुद्धा आणतात. एखादा देणगीदार मागे हटला तर दुसरा उभा राहतो, कारण तालीम कुणा एकाच्या नावावर नाही. पुण्यात टीम येऊन गेल्या तेवढ्या काळात कोल्हापुरातली एकही मोठी तालीम मैदान सोडून गेली नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला.

तोटेही आहेत. पेठेचा अभिमान कधी कधी हाणामारीवर जातो आणि मॅच थांबते. खेळाडूला पक्का पगार आणि करार हवा असेल तर तो तिथे मिळणं कठीण. आणि देशाच्या लीगपर्यंत जायचा रस्ता तिथून सरळ नाही.

जर्मनीने या दोन्हींच्या मधला मार्ग काढला. तिथे नियम आहे, ५० अधिक १. मतांचा बहुमताचा हिस्सा क्लबच्या सभासदांकडेच पाहिजे. एक-दोन अपवाद सोडले तर कोणी उद्योगपती उठून क्लब दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये असा नियम नव्हता. विम्बल्डन क्लब २००३ मध्ये मिल्टन कीन्सला हलवला गेला. पण चाहत्यांनी त्याच्या आधीच, २००२ मध्ये, स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, अगदी खालच्या पातळीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये परत आणला. नऊ वर्षं लागली. पुण्यात हे झालं नाही, कारण तिथल्या टीम इतक्या जुन्या झाल्याच नव्हत्या, की कुणी त्यांना 'आमची' म्हणून पुन्हा उभं करेल.

तर, त्या बापाला उत्तर

दादा, पोराला खेळू द्या. पण फी भरायच्या आधी अकॅडमीत चार प्रश्न विचारा, आणि ते विचारायला लाजू नका.

एक, क्लबचा खर्च कशावर चालतो? एकाच कंपनीवर की तीन-चार ठिकाणांहून? दोन, मैदान आणि हॉस्टेल कुणाचं, आणि करार किती वर्षांचा? तीन, गेल्या पाच वर्षांत मुलांचे कोच किती बदलले? मोठ्या टीमचे नाही, मुलांचे. चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: उद्या क्लब बंद पडला तर पोराची नोंदणी मोकळी करून देणार का, भरलेली फी परत मिळणार का? हे तोंडी नको, कागदावर घ्या.

चौघांची उत्तरं सरळ मिळाली तर बिनधास्त घाला. टाळाटाळ झाली तर इथल्याच मैदानावर एखादं वर्ष अजून खेळू द्या, आणि शाळा कुठल्याही परिस्थितीत सोडू देऊ नका. चौदाव्या वर्षी एक वर्ष थांबलेला पोरगा मागे पडत नाही. मधल्या सीझनला क्लब बंद पडून घरी परत आलेला पोरगा मात्र बऱ्याचदा बूटच ठेवून देतो.

आणि बाकीच्या मंडळींसाठी: उद्या कुणी बिल्डर पार्क मैदानावर मंडप घालून 'सोलापूरची पहिली व्यावसायिक टीम' जाहीर करेल. टाळ्या वाजवा, जर्सीपण घ्या. फक्त एक विचारा, "सभासद होता येतं का?" हो म्हणाले तर मला कळवा, पहिल्या शंभरात माझं नाव घालायचंय.

तुमचे प्रश्न नेहमीसारखे व्हॉइस मेसेजने पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात.