बिनतारी जाळ्यातील जोडण्यांची मर्यादा

खिशात मावेल एवढा संगणक वर्गात ठेवून त्यावर पाठ्यसाहित्य भरले आणि चाळीस मुलांच्या हाती टॅब्लेट दिले, तर पहिली काही मुले जोडली जातात. पुढच्यांना जोडणी नाकारली जाते. टॅब्लेट बिघडला असे समजून तो दुरुस्तीस पाठविला जाण्याचा संभव असतो. वस्तुतः दोष बहुधा टॅब्लेटचा नसतो.

वाय-फायच्या प्रमाणकानुसार केंद्र प्रत्येक साधनास १ ते २००७ यांपैकी एक क्रमांक देते. परंतु हा आकडा कागदावरचा होय. २०१६ साली आलेल्या रास्पबेरी पाय ३ मध्ये वाय-फायची चिप संगणकाच्या पट्टीवरच बसविलेली आहे. जोडलेल्या प्रत्येक साधनाची नोंद आणि त्याची गुप्त किल्ली या चिपला आपल्या लहानशा स्मृतीत सांभाळावी लागते. त्यामुळे चिपमधील आज्ञावलीच्या आवृत्तीप्रमाणे ही संख्या कधी दहाच्या आत, तर कधी विसाच्या आसपास थांबते. संगणकाची स्मृती वाढवूनही उपयोग होत नाही, कारण अपुरी पडते ती चिपची स्मृती.

मग असे अनेक संगणक परस्परांस जोडून जाळे विणावे, असे सहजच सुचते. जाळ्यातील प्रत्येक संगणक शेजाऱ्याचा संदेश पुढे पोहोचवितो. मात्र एका वाहिनीवरील रेडिओ एका वेळी एक तर ऐकतो, नाहीतर बोलतो. वाटेत एक मध्यस्थ आला की वेग सुमारे निम्मा होतो. दोन आले की तिसऱ्या हिश्श्यावर येतो. शिवाय एकमेकांच्या टप्प्यातील सर्व संगणकांना तीच हवा वाटून घ्यावी लागते. म्हणजे संगणक वाढविल्याने जोडण्या वाढतात, वेग मात्र घटतो. (२०११ साली जाळ्यांसाठी स्वतंत्र प्रमाणक निघाले, पण पायच्या अंगभूत चिपवर ते चालत नाही. त्यासाठी यूएसबीचे वेगळे वाय-फाय लावावे लागते.)

एकाच वर्गाचा प्रश्न असेल तर जाळ्याच्या भानगडीत न पडणे बरे. अधिक जोडण्या पेलणारा वाय-फाय राउटर घेऊन तो संगणकास तारेने जोडावा. टॅब्लेट राउटरला जोडावेत. इमारती दूर असतील तेथे संगणकांमधील दुव्यासाठी निराळा रेडिओ व निराळी वाहिनी ठेवावी, आणि तार ओढणे शक्य असेल तर तारच ओढावी.

टॅब्लेट दुरुस्तीस पाठविण्यापूर्वी शिक्षकांनी एक साधी परीक्षा करावी. जोडल्या गेलेल्या टॅब्लेटांपैकी एकाचे वाय-फाय बंद करावे, थोडा वेळ थांबावे आणि नाकारला गेलेला टॅब्लेट पुन्हा जोडून पाहावा. तो जोडला गेला तर बिघाड नाही, जागा संपली होती. कितव्या टॅब्लेटला नकार मिळाला, तो आकडा संगणकाच्या पेटीवर लिहून ठेवावा.