जामीन झाला, माणूस मात्र आतच

कोकणातला सातबारा हातात घेतला की क्षेत्राआधी नजर जाते ती नावांवर. वीस गुंठ्यांचा कातळ आणि त्यावर पंचवीस-तीस नावे. पणजोबा वारले, वारस लागले. मग वारसांचे वारस लागले. त्यातले कुणी परळला, कुणी विरारला, कुणी केव्हाच निवर्तलेले, पण नाव तसेच. एरवी या कागदावरून भावकीत भांडणे होतात. घरातला मुलगा तुरुंगात गेला, की याच कागदावर त्याचे बाहेर येणे अडकून पडते.

न्यायालय जामीन देते तेव्हा आदेशात साधारण एक ओळ असते: अमुक रकमेचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा लायक जामीनदार. घरच्यांना वाटते, सुटला! आईने देवाला नारळही ठेवलेला असतो. खरी धावपळ तिथून सुरू होते. जामीनदार ‘लायक’ आहे हे दाखवायला तहसील कार्यालयातून ऐपतीचा दाखला आणा, नाहीतर सातबारा, आठ-अ, घरपट्टीची पावती हजर करा, असे सांगितले जाते. सातबारा सामायिक असला की यातल्या नेमक्या किती जमिनीचा मालक हा जामीनदार, हा प्रश्न उभा राहतो. वाटप झालेले नाही, सहहिस्सेदार मुंबईत, गणपतीला येतील तेव्हा भेटतील. गणपतीला दोन महिने अवकाश असतो आणि तेवढे दोन महिने मुलगा आत राहतो.

समजा, घर राजापूर तालुक्यात आणि मुलगा मुंबईत पकडला गेला. आता वडिलांनी गावचा सातबारा घेऊन रात्रीची गाडी पकडायची, मुंबईच्या कोर्टात उभे राहायचे आणि ‘जामीनदार स्थानिक आणा’ हे ऐकून परतायचे. डोंबिवलीच्या चाळीत भाड्याने राहणाऱ्या मावसभावाकडे दाखवायला काय असते? रत्नागिरीच्या बागांत राखणीला असलेल्या किंवा मिरकरवाडा बंदरातल्या बोटींवर खलाशी म्हणून आलेल्या नेपाळी माणसाची गत तर याहून बिकट. त्याला ओळखणारे म्हणजे बागायतदार किंवा तांडेल. ते उभे राहिले तर ठीक, नाहीतर जामिनाचा आदेश नुसता फाइलमध्ये पडून राहतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ मध्येच आला होता. मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातला एक गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारले, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे साफ चुकीचे ठरवले. आपल्याच देशातला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला आहे एवढ्यावरून जामीनदार म्हणून नाकारता येत नाही, आणि गरिबाकडून त्याच्या आवाक्याबाहेरची रक्कम मागणे म्हणजे जामीन नाकारणेच, असा त्या निकालाचा आशय आहे. मोतीरामला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्यात आले. त्या निकालाला जवळपास पन्नास वर्षे होत आली, तरी जिल्ह्याबाहेरचा सातबारा पाहून कपाळाला आठ्या पडतात. अशा वेळी वकिलाने ‘मोतीराम’चा निकाल न्यायालयापुढे ठेवावा, हे घरच्यांनी सांगायला अजिबात संकोचू नये.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच दुखण्यावर आणखी नेमक्या सूचना दिल्या. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांकडे जावी. सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिना उलटूनही जामीनदार मिळत नसेल तर न्यायालयाने अट सैल करता येते का ते पाहावे. केंद्र सरकारची गरीब कैद्यांसाठी योजनाही त्याच वर्षी आली. पैशाअभावी जामीन अडलेल्या कच्च्या कैद्यासाठी, म्हणजे खटला अजून चालू असलेल्यासाठी, ४० हजार रुपयांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या शिक्षाबंदीसाठी २५ हजार रुपयांपर्यंत मदत तीत तेव्हा धरलेली होती. याशिवाय, जामीनदार मिळेपर्यंत काही आठवडे रोख रक्कम भरून सोडावे असा अर्ज करता येतो. तो न्यायालये पुष्कळदा मान्य करतात. गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेपासून आठवडाभरात आरोपी जामीनदार देऊ शकला नाही, तर तो निर्धन आहे असे धरून त्याला नुसत्या मुचलक्यावर सोडावे, हे तर कायद्यातच लिहिले आहे.

हे सगळे कुटुंबाला माहीत नसते, कारण पहिल्या दिवसापासून त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. पोलीस ठाण्याच्या आवारात ऐकू येतात ते दोन शब्द, ‘पीसीआर’ आणि ‘एमसीआर’. पहिला म्हणजे पोलीस कोठडी, दुसरा म्हणजे न्यायालयीन कोठडी, अर्थात तुरुंग. एमसीआर झाली म्हणजे शिक्षाच झाली, असे समजून रडणाऱ्या बायका प्रत्येक कोर्टाच्या पायरीवर दिसतात. प्रत्यक्षात जामिनाचा अर्ज नेटाने चालवायची वेळ बहुधा तेव्हाच आलेली असते.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. अटकेचा पंचनामा करावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही असावी, माणसाला कुठे ठेवले आहे ते नातेवाइकाला कळवावे आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे, हे त्यात आहेच. अटकेची कारणे आरोपीबरोबर त्याच्या नातलगांनाही कळायला हवीत, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे ‘कशासाठी उचलला?’ हा आईचा प्रश्न भाबडा नाही, तो तिचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट वकिलाची. तुरुंगात असलेल्या कोणत्याही माणसाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे फुकट वकील मिळतो. ‘सरकारी वकील’ म्हणून गावाकडे त्याच्यावर अविश्वास असतो, आणि त्यात गल्लत आहे. सरकारी वकील सरकारच्या बाजूने लढतो. आरोपीसाठी उभे राहणारे ‘लोक अभिरक्षक’ कार्यालय वेगळे, आणि त्याचे काम आरोपीचा बचाव करणे हेच आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो, १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. हा फोन बहुतेक घरे फार उशिरा करतात. आधी दागिने गहाण पडतात, मग ‘साहेबांशी बोलून सोडवतो’ म्हणणारा मध्यस्थ भेटतो, तो पैसे घेऊन फोन उचलत नाही, आणि मग कुणीतरी हा नंबर देते.

तारखा घरच्यांनी स्वतः लिहून ठेवाव्यात. दोषारोपपत्र गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. पण तो मागावा लागतो. मुदत उलटली तरी अर्ज केलाच नाही आणि मध्येच दोषारोपपत्र आले, तर तो हक्क गेला. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दंडाधिकाऱ्यांनी पहिली कोठडी दिली ती तारीख लाल पेनने गोल करून साठ-नव्वद दिवस मोजणारी बहीण म्हणूनच वकिलाइतकीच उपयोगी ठरते.

देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांतली ४,३४,३०२, म्हणजे चारातली तीन, कच्चे कैदी होते. खटला संपायचा आहे, दोष सिद्ध व्हायचा आहे. यांच्यासाठी नव्या संहितेतले कलम ४७९ महत्त्वाचे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचे, इतरांना निम्म्या काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक गुन्हे किंवा खटले असलेल्यांना हे लागू नाही. कायदा यायच्या आधीपासून आत असलेल्यांनाही तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे, तरी हिशेब घरातून झालेला बरा.

मग भेटीचा वार. रत्नागिरी शहरातले विशेष कारागृह जिल्ह्याच्या नऊही तालुक्यांना जवळचे नाही. मंडणगड एका टोकाला, राजापूर दुसऱ्या. पहाटेची एसटी, हातात कापडी पिशवी, तीत दोन बनियन, टॉवेल, दातांची पेस्ट. नाव नोंदवायचे, आधार कार्ड दाखवायचे, मोबाइल बाहेर ठेवायचा. पिशवीतली एकेक वस्तू उलगडून पाहिली जाते. सगळा दिवस जातो आणि बोलायला काही मिनिटे. त्यात निम्मे बोलणे ‘वकील काय म्हणाला?’ यातच संपते. ई-मुलाकातीची, म्हणजे व्हिडिओवरच्या भेटीची, सोय झाल्यापासून म्हाताऱ्या माणसांना थोडा आधार झाला आहे.

याच कारागृहात विनायक दामोदर सावरकरांना अंदमानातून परत आणल्यावर १९२१ पासून ठेवले होते, त्यांची कोठडी आज स्मारक म्हणून जपली आहे. तिथे जाणारा माणूस कोठडी पाहतो. त्या कोठडीबाहेरच्या बायकांची आठवण क्वचित निघते. विनायकराव आणि त्यांचे थोरले बंधू बाबाराव हे दोघे अंदमानात असताना बाबारावांच्या पत्नी येसूबाई भेटीच्या परवानगीची वाट पाहत राहिल्या आणि १९१९ मध्ये पतीला न भेटताच गेल्या. पुढे सहा दशकांनी, तिहारमधल्या सुनील बात्रा या कैद्याने पाठवलेल्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयाने याचिका मानले, आणि नातलगांची भेट ही कैद्याच्या माणूसपणाची गरज आहे हे त्या निकालाने मान्य केले.

शिक्षा मोठी झाली की माणूस घाटापलीकडे जातो, कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा थेट येरवड्याला. रत्नागिरी ते कोल्हापूर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर. पावसाळ्यात दरड आली की तो महिना भेटीविना जातो. एक गोष्ट मात्र अलीकडे सोपी झाली: मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. सत्र न्यायालयाच्या निकालावरचे अपील आता मुंबईऐवजी तिथे चालते. निकालपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. वकील नसेल तरी अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते. बाहेर ‘पैसे नाहीत म्हणून अपील केले नाही’ असे ऐकायला मिळते, ते ऐकून जीव तुटतो, कारण यासाठी पैसे लागतच नाहीत.

शिक्षाबंदीला दोन प्रकारची रजा असते. फर्लो म्हणजे संचित रजा, ती चांगल्या वागणुकीवर मिळते आणि शिक्षेत धरली जाते. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. जवळच्या माणसाचे निधन, मुलाचे किंवा भावंडाचे लग्न, गंभीर आजारपण, पत्नीचे बाळंतपण, घर पडणे अशा कारणांसाठी. हे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. दोन्हींसाठी गावच्या पोलीस ठाण्याचा अहवाल येतो, म्हणून घरी चौकशीला आलेल्या हवालदाराला नीट, खरे उत्तर देणे महत्त्वाचे. कच्च्या कैद्याला ही रजा नाही. त्याने न्यायालयाकडे तात्पुरता जामीन मागायचा. वडिलांचे दहाव्याचे दिवस अर्ज चुकीच्या दारी देण्यात गेले, असे होऊ नये.

घराचा गाडा तोवर बायकोच्या खांद्यावर. बँकेचे खाते नवऱ्याच्या नावे, आंब्याच्या बागेचा करार त्याच्या नावे. कारागृहातूनही मुखत्यारपत्र करून देता येते, त्यासाठी वकिलामार्फत अधीक्षकांकडे अर्ज करावा. मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. कैद्यांच्या मुलांनाही तिचा लाभ घेता येतो, मुलामागे दरमहा २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. आई तुरुंगात असेल तर सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात सांगितले आहे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यात सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत कैद्याला कुटुंबासाठी ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि ते तो तुरुंगातल्या मजुरीतून फेडतो. काही कारागृहांत ‘गळाभेट’ होते. एरवी जाळीआडून दिसणारा बाप त्या दिवशी लेकराला मांडीवर घेऊन बसतो.

तरीही सगळे फिरून येते ते त्या जामीनदारावर. भावकीत एखाद्याकडे स्वतंत्र सातबारा असतो, पण ‘सही केली तर माझी जमीन जाईल’ या भीतीने तो दार लावून घेतो. जामीनदाराची हमी बंधपत्रात लिहिलेल्या रकमेपुरती असते, तीही आरोपी तारखेला हजर राहिला नाही तर. तेव्हाही न्यायालय आधी नोटीस देते, म्हणणे ऐकते आणि रक्कम कमी करू शकते. पुढे विश्वास उरला नाही तर अर्ज करून जामीनदारीतून मोकळे होता येते. शेजारच्या घरातली बाई उद्या असा कागद घेऊन दारात आली, तर नकार देण्याआधी तिला आत बोलवा, बंधपत्रातली रक्कम वाचा आणि पुढची तारीख कधी आहे ते विचारा.